दूधदाणीच्या बुडावर सिंह, नांगर, जी आणि एम : साल कोणतं धरायचं?

प्रॉव्हिडन्सची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, पुढच्या महिन्यात कायमच्या आमच्याकडे राहायला येतायत. म्हणून गेले तीन शनिवार-रविवार मी क्रॅन्स्टनच्या त्यांच्या घरातली कपाटं उपसतेय. काल पितळी डब्यांच्या मागून, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली चांदी निघाली. देवाची चांदी वेगळी, ती मी ओळखते. ही अमेरिकन आहे. तीन प्रकार आहेत.

एक दूधदाणी. चहाच्या सेटातली असणार, पण किटली आणि साखरेचं भांडं कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. वीतभर उंच. बुडावर ओळीनं तीन शिक्के आहेत: चालता सिंह, नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे) आणि जुन्या वळणदार लिपीतला जी. खाली ‘स्टर्लिंग’, त्याखाली १४५०, आणि अगदी खाली एकटाच एम. पोटावर तीन अक्षरं एकमेकांत गुंफून कोरलीत आणि पुढे ‘२५ डिसेंबर १८९३’. सासऱ्यांनी १९७८-७९ च्या सुमारास कुठल्याशा चर्चच्या जुन्या बाजारातून आणली, एवढंच सासूबाई सांगतात.

मग सहा चमचे. दांड्यामागे ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’. म्हणजे १८४७ चे? पावणेदोनशे वर्षांच्या चमच्यांनी आम्ही श्रीखंड वाढत होतो की काय!

आणि एक वाडगा. याला घरात ‘घरमालकिणीचा वाडगा’ म्हणतात. सासू-सासरे इथे नवीन आले तेव्हा ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, त्या बाईंनी मोठ्या दिरांच्या जन्मानंतर १९६४ च्या नाताळात दिला, ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. बाईंचे यजमान इथल्याच चांदीच्या कारखान्यात होते. वाडग्यावरही तोच सिंह-नांगर-जी, स्टर्लिंग, पाच आकडी नंबर, आणि तिळाएवढ्या चौकटीत ७. चौकट पंचकोनी वाटते.

इंटरनेटवर एका ठिकाणी नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, दुसरीकडे एम म्हणजे न्यूयॉर्कची टिफनी कंपनी. माझं डोकं बंद पडलंय. विकायचं काही नाही. भावंडांत वाटण्या होतील तेव्हा प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवायची आहे, त्यावर खरं साल असावं एवढंच.

जुनं_तेच_सोनं

एकदम सोपं आहे हो. चालता सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची कस-कचेरी. एम हे सालाचं अक्षर, जी कारागिराचं. मी चार वर्षं लेस्टरला होतो, असली भांडी तिथल्या बाजारात ढिगानं बघितलीत. बर्मिंगहॅमचा तक्ता उघडा आणि एम शोधा, झालं काम.

हुपरीकर_आबा

सूनबाई, तक्ता उघडू नका. आधी माझं ऐका.

मी मूळ हुपरीचा. आमच्या घरात तीन पिढ्या पैंजण-वाळ्यांचं काम, मी स्वतः दहावीपर्यंत भट्टीसमोर बसलोय. नंतर इंजिनिअरिंग, मग अमेरिका, आणि अख्खी नोकरी ॲटलबरोच्या एका मशीन शॉपमध्ये. निवृत्त झाल्यापासून शनिवारी पहाटे थर्मासमध्ये चहा घेऊन एस्टेट सेलच्या रांगेत उभा असतो. बायको म्हणते, परक्यांच्या घरची भांडी उलटी करून बघायचा नाद लागलाय. खरं आहे.

‘जुनं तेच सोनं’ साहेबांचं वाचन ब्रिटिश चांदीपुरतं बरोबर, पण हे भांडं ब्रिटिश नाही. कशावरून? पहिलं, बुडावर ‘स्टर्लिंग’ असा अख्खा शब्द आहे. इंग्लंडात सिंह असला की तो शब्द लागत नाही, सिंह म्हणजेच स्टर्लिंग. दुसरं, १८९० पर्यंत तिकडे कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मुंडकं मारत. त्या काळातलं बर्मिंगहॅमचं भांडं असतं तर व्हिक्टोरिया राणी बुडावर बसलेली दिसली असती. ती आहे का? नाही ना.

सिंह, नांगर आणि जी ही गोरम कंपनीची खूण. कंपनी तुमच्याच गावची, प्रॉव्हिडन्सची, १८३१ पासूनची. मराठीत लिहायला बसलं की ‘गोऱ्हे’ लिहिलं जातं माझ्याकडून, असो. इंग्रजी शिक्क्यांचा इथे तेव्हा रुबाब होता, म्हणून यांनीही तीन शिक्क्यांची तशीच ओळ केली. आणि नांगर तर ऱ्होड आयलंडच्या झेंड्यावरच आहे, तुम्ही रोज बघत असाल.

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडात सरकारमान्य कचेरी भांड्याचा कस लावून बघते आणि मगच शिक्के मारते. अमेरिकेत तसं नव्हतंच. अपवाद एकटं बाल्टिमोर, तिथे १८१४ ते १८३० कायद्यानं कस तपासून शिक्का मारत. बाकी सगळीकडे कारखानदार सांगेल तो कस आणि तो मारेल ती खूण. ‘स्टर्लिंग’ लिहिलं तर हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असलीच पाहिजे, हे देशभराला लागू झालं १९०६ च्या कायद्यानं. त्यामुळे इथे प्रत्येक कारखान्याची बाराखडी वेगळी. एकाचा एम हे साल, दुसऱ्याचा एम हा माणूस, तिसऱ्याचा एम म्हणजे निव्वळ नमुन्याचा क्रमांक. आमच्याकडे पैंजणाच्या कडीवर ज्याचा त्याचा छाप असायचा, ‘सू’ म्हणजे सूर्यवंशी की सुतार हे गल्ली माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. तसंच हे. अक्षर वाचायच्या आधी गल्ली ठरवा.

तुमची गल्ली गोरमची. गोरमनं १८६८ मध्ये दोन गोष्टी एकदम केल्या. तोवर ते ‘कॉइन’ चांदी वापरत, म्हणजे डॉलरच्या नाण्याच्या कसाची, हजारात नऊशे. ती सोडून ९२५ ची स्टर्लिंग धरली आणि त्याच वर्षापासून भांड्यांवर सालाचं अक्षर मारायला लागले. ए म्हणजे १८६८, बी म्हणजे १८६९, असं करत क्यू म्हणजे १८८४. बोटांवर मोजा. इथे निम्मे लोक चुकतात: एम तेरावं अक्षर म्हणून १८६८ मध्ये तेरा मिळवतात आणि १८८१ काढतात. ए मध्येच १८६८ आलं, म्हणून मिळवायचे बारा. तुमची दूधदाणी १८८० ची.

पुन्हा फिरून एम येत नाही, कारण १८८५ पासून अक्षरं बंद करून दर वर्षी वेगळं चित्र सुरू केलं, ते १९३३ पर्यंत. ती चित्रं तक्त्याशिवाय ओळखता येत नाहीत, मीही तोंडपाठ सांगत नाही. अजून एक फसगत सांगून ठेवतो. १८७४ च्या भांड्यावर दोन जी असतात, एक कंपनीचा वळणदार आणि एक सालाचा साधा. कंपनीच्या जी ला साल समजून कितीतरी जणांनी आपली सगळीच चांदी १८७४ ची करून टाकलीय.

१४५० हा नमुन्याचा क्रमांक. तो नमुना पुढे कितीही वर्षं निघू शकतो, म्हणून त्यावरून साल काढायला जाऊ नका.

राहिलं १८९३. भांडं १८८० चं आणि कोरलेली तारीख तेरा वर्षांनंतरची, यात भांडण काही नाही. भांडं कधी घडलं ते बुड सांगतं, कधी भेट दिलं ते पोट सांगतं. घरातलंच जुनं भांडं कुणीतरी नाताळात पुढच्या पिढीला दिलं असेल. नाहीतर दुसऱ्याचं नाव घासून काढून आपलं घातलं असेल. हे बघायची आमची जुनी युक्ती: भांडं थंड करा, फ्रीजमध्ये पाच मिनिटं ठेवलं तरी चालेल. मग कोरलेल्या जागेवर तोंडानं ‘हाऽऽ’ करून वाफ सोडा. चष्म्यावर सोडतो तशी. जुनं कोरीव काम घासलेलं असेल तर वाफ विरताना त्याच्या रेघा क्षणभर दिसतात. अंगठा आत आणि तर्जनी बाहेर ठेवून पत्रा चाचपा, घासलेल्या जागी तो पातळ लागतो, पापडासारखा लवतो.

चमच्यांचं वाईट वाटून घेऊ नका. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हे पूर्ण नावच आहे, आकड्यासकट. हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनी विजेच्या मुलाम्याचं काम १८४७ ला सुरू केलं, ते साल पुढे ब्रँडचाच भाग झालं आणि विसाव्या शतकातल्या मालावरही तेच छापत राहिले. चांदीचं पाणी दिलेले चमचे आहेत. मी नवीन होतो तेव्हा असाच बारा चमच्यांचा डबा ऐंशी डॉलरना घेऊन घरी आलो आणि बायकोला म्हणालो, झाशीच्या राणीच्या आधीचे आहेत. तिनं एकाच्या टोकाला बोट लावलं, जिथे चमचा ताटावर घासतो तिथे पिवळट धातू उघडा पडला होता. ते चमचे अजून आहेत आमच्याकडे, लोणच्याला सोडून सगळ्याला वापरतो.

वाडग्याबद्दल मात्र तुम्ही ‘पंचकोनी वाटते’ असं लिहिलंय, ते ‘वाटते’ इथे चालायचं नाही. १९३३ नंतर काही वर्षं गोरमची सालखूण बंद होती. १९४१ ला परत सुरू झाली ती चौकटीत आकडा अशी. चौकटीच्या बाजू म्हणजे दशक, आतला आकडा म्हणजे त्या दशकातलं वर्ष. चार बाजू असतील तर चाळीसचं दशक, पाच असतील तर पन्नासचं, सहा असतील तर साठचं, सात असतील तर सत्तरचं. डोकेबाज काम. पंचकोनात ७ असेल तर १९५७. षटकोनात ७ असेल तर १९६७. मध्ये दहा वर्षं आणि तुमच्या घरची गोष्ट बरोबर त्या दहाच्या पोटात.

मोजायचं कसं? पॉलिश लावू नका, कडा आणखी गोल होतील. टॉर्च वरून न धरता बाजूनं, टेबलाला जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे खोलगट जागी सावली पडते. दहापटीचं भिंग घ्या, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरून फोटो काढून मोठा करा. कोपरे झिजून मोजता येत नसतील तर एका बाजूच्या बरोबर समोर काय येतं ते बघा. बाजूसमोर कोपरा आला तर पंचकोन. बाजूसमोर बाजू आली तर षटकोन. फोटो इथे टाका.

जुनं_तेच_सोनं

आबा, राणीच्या मुंडक्याचं विसरलोच होतो. माघार.

नागपूर_टू_नेवार्क

घुसतोय, माफ करा. सूनबाईंनी टिफनीचं नाव काढलं म्हणून. माझ्याकडे एक छोटा ट्रे आहे, ‘टिफनी अँड कंपनी’, मध्ये मोठा एम आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार आकडे. मग हाही १८८० चा का?

हुपरीकर_आबा

नाही. गल्ली बदलली की एम बदलला.

टिफनीचा एम हा माणूस आहे. एडवर्ड मूर नावाचे गृहस्थ टिफनीच्या चांदीचं सगळं काम बघायचे. त्यांच्या आडनावाचं अक्षर भांड्यावर त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९१ पर्यंत. त्यानंतर ज्याच्या हाती कंपनी त्याचं अक्षर: १८९१ ते १९०२ टी, खुद्द चार्ल्स टिफनी. १९०२ ते १९०७ सी, म्हणजे कुक. १९०७ पासून पुढे चाळीसेक वर्षं परत एक मूर, पण या वेळी छोटा एम. मोठा एम आणि छोटा एम यातला फरक बघितला नाही तर एका मूरची वस्तू दुसऱ्या मूरच्या नावावर जाते. दुकानात हे सांगणारा भेटेलच असं नाही. मला एकानं छोट्या एमची बशी मोठ्या एमच्या भावात विकायचा प्रयत्न केला होता, वर ‘अहो, अक्षर घासून लहान झालंय’ असं म्हणाला. घासून अक्षर पुसट होतं, लिपी बदलत नाही.

टिफनीच्या अक्षरावरून एक साल निघत नाही, कारकीर्द निघते. आपण ‘पेशवाईतलं’ म्हणतो तसं. त्याच्या बाजूच्या आकड्यांपैकी एक नमुन्याचा आणि दुसरा ऑर्डरचा. नमुन्याचे आकडे वर्षागणिक चढत गेले, त्यावरून तो नमुना पहिल्यांदा कधी निघाला ते कळतं. भांडं त्याच्या आधीचं असू शकत नाही, नंतरचं असू शकतं. आणि शिक्क्यात ५५० ब्रॉडवे असा पत्ता असेल तर १८७० च्या आतलं, कारण त्या साली त्यांनी दुकान युनियन स्क्वेअरला हलवलं.

मिरजेची_माहेरवाशीण

मी बाल्टिमोरला असते. तुमच्या पोस्टमध्ये गावाचं नाव आलं म्हणून धीर केला. माझ्या शेजारणीनं जाताना मला एक नक्षीची साखरदाणी दिली, सगळ्या अंगावर फुलंपानं उठावात. मागे ‘एस. कर्क अँड सन’ आणि ‘११ औंस’. स्वयंपाकघरातल्या काट्यावर घातली तर जेमतेम नऊ भरते. झाकण नाहीये, त्याचे दोन औंस असतील का?

हुपरीकर_आबा

ताई, हीच चूक मी केली होती आणि मी तर सराफकट्ट्यावर वाढलेला! काटा बाजूला ठेवा. ११ औंस हे वजन नव्हे, टंच आहे. बारा औंस मालात अकरा औंस शुद्ध चांदी, असं म्हणायचंय त्यांना. म्हणजे हजारी ९१७. बाल्टिमोरच्या त्या जुन्या कायद्याचं हेच माप होतं, कायदा गेला तरी तिथल्या कारागिरांच्या हाताला ते चिकटून राहिलं. सॅम्युअल कर्क यांनी तिथे १८१५ ला दुकान मांडलं, पुढे मुलगा आला म्हणून ‘अँड सन’. ‘११ औंस’ आहे म्हणजे तुमची साखरदाणी एकोणिसाव्या शतकातली. विसाव्या शतकात त्यांच्या मालावर ‘९२५/१०००’ किंवा ‘स्टर्लिंग’ दिसतं. ‘कर्क स्टीफ’ असं जोडनाव दिसलं तर १९७९ नंतरचं.

कर्कचं उठावाचं काम मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कच्छी म्हणून उचललं होतं. भुजच्या उमरसी मावजींचा माल बघितलाय का? त्यावर ‘ओएम’ छाप असतो. तशीच दाट वेल, मागची जमीन बारीक टिंबांनी भरलेली. बाल्टिमोर कुठं, भुज कुठं, पण दोन्हीकडे पत्र्याखाली राळ ठेवून छिन्नीनंच फूल उठवायचं. फरक जनावरांत पडतो. कच्छी वेलीत हत्ती-वाघ लपलेले असतात, कर्कच्या वेलीत गुलाब.

लक्ष्मीरोड_सराफ

मंडळी, इतिहास छान. पण मी धंद्याचं बोलतो. आमच्याकडे अमेरिकेहून मुलं आईवडिलांसाठी असली भांडी घेऊन येतात आणि विचारतात मोडीत किती येतील. त्यांना सांगतो, ‘स्टर्लिंग’ दिसलं तर ९२५ धरा. पण मेणबत्तीचे स्टँड आणि ‘वेटेड’ लिहिलेल्या वस्तू काट्यावर घालून हिशेब करू नका, आत राळ नाहीतर सिमेंट भरलेलं असतं, वरचा पत्रा कागदासारखा. सुऱ्यांच्या मुठीही तशाच. आणि कृपा करून रांगोळीनं चांदी घासू नका. समया घासायची सवय असते, त्याच हातानं हे शिक्के घासले जातात. एका बाईंनी भांडं आणलं, म्हणाल्या मागे काहीतरी लिहिलेलं होतं. होतं.

साल कळून भावात फरक पडतो का, हे आबांनी सांगावं. आमच्याकडे तरी पडत नाही.

हुपरीकर_आबा

पडतो, पण वस्तू बघून. गोरमच्या १८८० च्या सुमाराच्या जपानी थाटाच्या वस्तूंना, ज्यावर मासे, खेकडे, बांबू वगैरे असतात, त्यांना लोक वाट्टेल ते मोजतात. साध्या दूधदाणीला चांदीच्या भावापेक्षा थोडं वर. सुटी दूधदाणी, सेट फुटलेला. पण सूनबाईंना विकायचंच नाही, तेव्हा तो विषय नको.

एक सगळ्यांसाठी. हे सालाचं अक्षर भांड्यांवर, ताटवाट्यांवर. चमचे-काट्यांवर बहुतेक वेळा नसतं. तिथे नमुन्याचं नाव शोधायचं. ‘शांतिली’ नावाचा गोरमचा नमुना १८९५ चा, आणि तो इतका खपला की पुढे शंभर वर्षं निघत राहिला. चमच्यामागे पेटंटची तारीख असेल तर तीही नमुन्याची, चमच्याची नव्हे. तो चमचा त्या तारखेच्या आधीचा नाही, एवढीच हमी. बाकी वजन बघायचं. जुना चमचा हातात घेतला की दांडा जड लागतो.

सूनबाई, फोटो कुठाय?

प्रॉव्हिडन्सची_सून

आबा, उशीर झाला, सासूबाईंचा पलंग हलवण्यात आठवडा गेला.

दूधदाणी फ्रीजमध्ये ठेवली. मुलगा म्हणाला, आई तू ठीक आहेस ना. बाहेर काढली, हाऽऽ केलं आणि खरंच दिसलं! आत्ताच्या तीन अक्षरांच्या खाली, थोडं डावीकडे, एकच मोठं अक्षर. डब्ल्यू असावं. दोन सेकंदांत गेलं. मग घरातल्या सगळ्यांनी रांगेनं येऊन वाफा सोडल्या. पत्राही तिथे पातळ आहे, तुम्ही म्हणालात तसा लवतो. म्हणजे १८८० ला डब्ल्यूच्या घरात, १८९३ ला दुसऱ्या कुणाच्या, मग चर्चचा बाजार, मग आम्ही. चिठ्ठीवर सगळं लिहिलंय.

आता वाडगा. खाली फोटो टाकलाय. टॉर्च टेबलाला टेकवून धरला तेव्हा चौकट स्पष्ट उठली. मी तीनदा मोजलं, नवऱ्यानं दोनदा. मग बाजूसमोर काय येतं ते बघितलं. बाजूसमोर बाजूच येते.

हुपरीकर_आबा

फोटो बघितला. षटकोन. डाव्या खालच्या कोपऱ्यात थोडी झीज आहे, त्यामुळे तुम्हाला पाच वाटले. १९६७, शंका नाही.

आता हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. गोष्टींत दोन-तीन वर्षं इकडची तिकडे होतात. दीर कदाचित दुसरे असतील.

प्रॉव्हिडन्सची_सून

दीर तेच आहेत, १९६४ चेच. धाकटी नणंद १९७० ची. त्यामुळे मलाही काही जुळेना.

काल दुपारी चहा घेताना विचारलं. घाबरतच विचारलं, कारण त्या वाडग्यात दर पाडव्याला श्रीखंड असतं आणि दर पाडव्याला ती गोष्ट असते. मी शिक्का दाखवला, षटकोनाचं सांगितलं. त्या अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, “सहा बाजू का? बरोबर आहे मग. हा दुसरा.”

पहिला वाडगा १९६६ मध्ये विकला होता. साताऱ्याला आजेसासूबाई आजारी पडल्या, विमानाच्या तिकिटाला पैसे कमी पडत होते, घरात चांदीची तेवढी एकच वस्तू होती. सासरे जाऊन आले. पण घरमालकीण आणि त्यांचे यजमान दर दिवाळीला यांच्याकडे जेवायला यायचे आणि वाडगा टेबलावर असायचा. एक दिवाळी ‘पॉलिशला दिलाय’ म्हणून भागवली. मग सासऱ्यांना चांगली नोकरी लागली आणि त्यांनी त्याच नमुन्याचा, त्याच मापाचा नवीन वाडगा हप्त्यानं घेतला. पोरांना कधी सांगितलं नाही.

मी विचारलं, मग त्यांना कळलं नाही? सासूबाई म्हणाल्या, “बाईंना नाही कळलं. तिच्या नवऱ्यानं जेवण झाल्यावर वाडगा रिकामा केला, रुमालानं पुसला आणि उलटा करून बघितला. चष्मा वर करून चांगला बघितला. तुझे सासरे पांढरे पडले. तो काही बोलला नाही. सरळ करून ठेवला आणि अजून थोडं श्रीखंड मागितलं.”

मी चिठ्ठीवर ‘गोरम, प्रॉव्हिडन्स, १९६७’ लिहिलं होतं. सासूबाईंनी पेन मागून घेतलं आणि पुढे कापऱ्या अक्षरात लिहिलं, ‘घरमालकिणीचाच’.